गिलाव्याच्या मागं

"मिस्त्री, हा मोळा किती वजन धरंल?" मोठा आरसा लावायला बोलावणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच. हातात बोटाएवढा मोळा असतो आणि तो माझ्यासमोर उलटसुलट करून दाखवतात. मी म्हणतो, मोळा तुम्हालासुद्धा धरंल, आधी भिंत मोळ्याला धरते का ते बघू. पडलेले आरसे मी बरेच पाहिलेत. काचांच्या ढिगात मोळा सापडतो तो सरळ, न वाकलेला, आणि त्याच्या अंगाला मूठभर गिलावा चिकटलेला.

सुतारकाम आमच्या घरातलंच. वडिलांनी बैलगाड्या, कुऱ्या, कोळपी, दारांच्या चौकटी केल्या. माझ्या वाट्याला कपाटं, सनमायका आणि आरसे आले. बेळगावचा काचवाला टेंपोतून येतो, आरसा दारात उतरवतो, पैसे घेऊन जातो. पुढचं सुतारानं बघायचं. कडोलीसारख्या गावात 'हे माझं काम नव्हे' म्हणायची सोय नसते. लग्न ठरलेल्या घरी जायचं, नव्या ब्युटी पार्लरमध्ये जायचं, आणि जानेवारीत गावात साहित्य संमेलन भरायच्या आधी ज्यांच्याकडं पाहुणे उतरणार त्यांच्या सोप्यातही जायचं. त्या आठवड्यात सगळ्यांनाच घर सारखं करायचं असतं. मंडपाचे खांब एकीकडं उभे राहत असतात आणि मी कुणाच्या तरी स्टुलावर.

काचेच्या वजनाचा हिशेब सोपा आहे, पण तो कुणी करत नाही. एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर काचेचं वजन अडीच किलो. आमचं माप फुटात चालतं, म्हणून मी ते फुटात पाठ केलंय. ५ मिलिमीटरची काच चौरस फुटाला १ किलो १६० ग्रॅम भरते. चार बाय सहाचा आरसा म्हणजे २४ चौरस फूट, नुसती काच २८ किलोच्या घरात. मागं १२ मिलिमीटरचं प्लायवूड आणि कडेनं सागवानी चौकट धरली की आकडा पन्नाशीकडं जातो. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं. घरमालकाला मी विचारतो, हे पोतं तुमच्या पोराच्या पलंगावर, डोक्याच्या बाजूला टांगू का? बहुतेक वेळा मोळा तिथंच खिशात जातो.

त्यातून हौस अशी, की आरसा फोटोसारखा तारेनं टांगायचा. आणि तार दिसायला नको, म्हणून ती चौकटीच्या मागं सपाट ओढून घ्यायची. तार जितकी सपाट तितका तिच्यावरचा ताण वाढतो. दोन्ही बाजूंची तार आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक बाजूवर आरशाच्या पूर्ण वजनाएवढा ताण येतो. १५ अंशांवर आणली की जवळजवळ दुप्पट. पन्नास किलोचा आरसा तारेला आणि तिच्या कड्यांना शंभराच्या घरात ओढतो. जुन्या घरांत आरसे वरून पुढं झुकवून लावायचे, कारण बघणारा खाली पाटावर बसून भांग पाडायचा. दिसायला ते छान, पण झुकलेला आरसा मोळ्याला खाली दाबतो तसाच बाहेरही ओढतो. भिंतीत घट्ट बसलेला मोळा खालचा दाब सोसतो. बाहेरची ओढ सोसणं त्याला जड जातं. म्हणून तार नकोच, असं माझं मत आहे. दोन पट्ट्या घ्याव्यात, दोन्हींची एक कड ४५ अंशांत रंधून तिरकी करावी, एक भिंतीला आणि एक आरशाच्या पाठीला ठोकावी, आणि आरसा उचलून पट्टीवर पट्टी बसवावी. वजन जितकं जास्त तितका तो भिंतीकडं सरकतो. खाली आधाराला एखादी फळी किंवा ओटा मिळाला तर सोन्याहून पिवळं. मग वजन ओट्यावर जातं आणि वरच्या स्क्रूंना आरसा फक्त धरून ठेवायचा असतो. सलूनमधले मोठे आरसे वर्षानुवर्षं टिकतात ते याच कारणानं. ते टांगलेले नसतात, कात्र्या-वस्तऱ्यांच्या फळीवर टेकलेले असतात.

पण पट्टीसुद्धा शेवटी भिंतीलाच ठोकायची. आणि भिंत म्हणून जे डोळ्यांना दिसतं तो गिलावा. सिमेंटचा असेल तर अर्धा ते पाऊण इंच, जुना चुन्याचा असेल तर इंचभर, कुठं दीड. भाकरीचा पापुद्रा जसा वरच्या वर सुटतो तसा तोही सुटतो, आणि त्याच्यावर भरवसा ठेवून लोक पन्नास किलो टांगतात. खरी भिंत त्याच्या मागं असते. आमच्या भागात ती काय असेल हे बाहेरून सांगणं अवघड, कारण घर एकदम बांधलेलं नसतं. आजोबांनी मातीच्या कच्च्या विटांवर माजघर उभं केलं. वडिलांच्या काळात पुढचा सोपा चिऱ्यांचा झाला. ज्या वर्षी बटाट्याला बरा भाव मिळाला त्या वर्षी मागं भाजक्या विटांची खोली निघाली, आणि परड्यात न्हाणी सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांची. मग लग्नाच्या आधी सगळ्यावरून एकच सिमेंटचा हात फिरवला, एकच गुलाबी रंग दिला. आता चारही भिंती बघायला सख्ख्या बहिणी.

म्हणून मी आधी भिंतीवर बोटाच्या पेरानं वाजवत जातो. गिलावा सुटलेला असेल तिथं आवाज बद्द येतो, पोकळ येतो. तिथं पेन्सिलनं फुली. मग विजेच्या बोर्डाच्या सरळ रेषेत वर आणि खाली काही करायचं नाही, हे ठरवून टाकतो, कारण वायरीचा पाइप तिथूनच गेलेला असतो. मग जिथं आरशाच्या मागं झाकलं जाईल अशा जागी बारीक बिट लावून एक भोक पाडतो, ड्रिलचा हातोडा बंद ठेवून, सावकाश. खाली कागदाची पुडी धरतो आणि पडणारा भुगा बघतो.

या भुग्यावर माझा जितका विश्वास आहे तितका घरमालकाच्या शब्दावर नाही. पहिल्यांदा करडा भुगा येतो, तो सिमेंट. पांढरा, हाताला गुळगुळीत लागणारा आला तर चुना. पुढं लाल, कोरडा, एकसारखा आला की भाजकी वीट; मग जीव भांड्यात पडतो. लाल पण मधेच पिवळसर, मधेच काळपट, आणि बिट एकदम आत धसला, मग पुन्हा अडला, तर समजायचं चिरा आहे. जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत राहून कडक होतो, पण त्याच्या पोटात पोकळ्या असतात. नेमकं त्या पोकळीत भोक गेलं तर प्लग नुसता लोंबतो. चार बोटं बाजूला सरकायचं. करडा भुगा संपतच नाही आणि बिट हळूहळू चालतोय, तर लिंटेलचं काँक्रीट लागलं. ते मिळालं तर आरशाला याहून चांगली जागा नाही, फक्त सळी चुकवायची. आणि तपकिरी, ओलसर, बोटांत चुरला की गोळी होणारा भुगा आला, तर ड्रिल खाली ठेवून चहा मागायचा. ती माती असते.

विटेतसुद्धा विटेच्या पोटात भोक पाहिजे, दोन विटांच्या सांध्यात नको. जुन्या बांधकामात सांधा मातीचा किंवा निकृष्ट सिमेंटचा असतो. आणि प्लग गिलाव्यात अर्धा नि विटेत अर्धा असाही चालत नाही. तो पुरताच विटेत गेला पाहिजे. म्हणजे गिलावा पाऊण इंच असेल तर भोक प्लगच्या लांबीपेक्षा तेवढं जास्त खोल आणि वर थोडं, भुग्याला जागा म्हणून. भोकातला भुगा फुंकून काढायचा. तोंडानं फुंकलं तर डोळ्यांत जातो. मी सायकलच्या पंपाची नळी वापरतो. हे एवढं काम लोकांना रिकामटेकडं वाटतं, पण भुग्यात बसवलेला प्लग स्क्रूबरोबर गरागरा फिरतो आणि मग तो बाहेरही येत नाही, आतही जात नाही.

वडिलांच्या वेळी प्लग नव्हता, लाकडाची गुट्टी होती. छिन्नीनं भिंतीत चौकोनी खड्डा करायचा, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद. त्यात बाभळीची किंवा सागाची गुट्टी सिमेंटच्या मालात बसवायची, दोन दिवस वाट बघायची, मग त्यात स्क्रू. काम भक्कम होतं, पण गुट्टी सुकून आकसायची किंवा वाळवी तिला शोधून काढायची. जगभर हेच चालत होतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंती न फोडता विजेची जोडणी करायची होती, तेव्हा जॉन जोसेफ रॉलिंग्ज नावाच्या कंत्राटदारानं १९११ च्या सुमारास तागाच्या धाग्यांची नळी जनावराच्या रक्तानं चिकटवून कडक केली आणि भोकात घातली. स्क्रू आत गेला की ती फुगून भिंतीला आतून दाबायची. हार्डवेअरच्या दुकानात आपण मागतो तो 'रॉलप्लग' त्याच्याच नावाचा. नायलॉनचा, दोन बाजूंनी फाकणारा प्लग जर्मनीच्या आर्टुर फिशरनं १९५८ साली काढला. हजारावर पेटंटं घेतलेला हा माणूस मुळात कुलपं करायला शिकलेला कारागीर होता. वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, रक्ताचं ठीक आहे, पण पावसाळ्यात ते टिकायचं कसं? मला उत्तर देता आलं नाही.

पावसाळा हा आमच्याकडं आरशाचा दुसरा वैरी. मृग लागला की पश्चिमेच्या भिंतीला ओल धरते ती दसऱ्यापर्यंत. आरशाच्या पाठीवर चांदीचा पातळ थर असतो, त्यावर तांब्याचा किंवा दुसरा संरक्षक थर आणि रंग. कडेनं ओल शिरली की काळे डाग सुरू होतात आणि आत आत चालतात. म्हणून आरसा भिंतीला चिकटवून कधीच लावू नये. मागं बोटभर जागा हवी, वारा खेळायला. बेळगावात एका सलूनमध्ये मला बोलावलं होतं, वर्षाच्या आतच आरशावर वेलीसारखे काळे पट्टे उठले म्हणून. आधीच्या माणसानं काच सिलिकॉननं थेट भिंतीला चिकटवली होती. लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास यायचा का, विचारलं. मालक म्हणाला, आठवडाभर गिऱ्हाइकं नाक मुरडत होती. तो वास येणारं सिलिकॉन आरशाचं नव्हेच. त्यातलं आम्ल पाठीचा थर खातं. आरशाला बिनवासाचं, न्यूट्रल म्हणून मिळतं ते घ्यायचं, आणि तेही उभ्या रेघांत, म्हणजे मागं पाणी साचत नाही.

हे सगळं माहीत असून एका घरात माझं काही चालेना. आमच्याच गल्लीतली एक आज्जी. सासऱ्यांच्या वेळचा आरसा, तीन बाय पाच, कोरीव सागवानी चौकट, पाठीला फळ्या. काचेच्या कडा तासलेल्या, मधे थोडं पाणी हलल्यासारखं दिसतं. घराची वाटणी झाली, सोपा धाकट्याकडं गेला, आरसा आणि माजघर आज्जीबरोबर थोरल्याकडं. आता तो माजघरात लावायचा. बटाट्याच्या काट्यावर ठेवला, ४२ किलो भरला. भिंतीत भोक पाडलं, तपकिरी भुगा. माझ्याबरोबर काम करणारा पोरगा वंटमुरीकडचा, घरी कन्नड बोलणारा. त्यानं पुडीतली माती बोटांत चुरली आणि म्हणाला, "गट्टी इल्ल री." म्हणजे, घट्ट नाही. दीड फूट जाडीची मातीची भिंत, आणि तिच्यावर अर्धा इंच सिमेंट.

"आज्जी, हा खाली टेकवून ठेवूया की," मी म्हणालो. "जमिनीवर उभा, वरून दोन पट्ट्या."

"आणि पणतू त्याच्यावर चेंडू मारू दे, नव्हं? वर लाव. सासऱ्यांनी वरच लावलेला."

सासऱ्यांनी लावलेला तो सोप्यात, चिऱ्यांच्या भिंतीला, आणि तिथं बांधतानाच भिंतीत लाकडी खुंट्या घालून घेतल्या होत्या. जुने गवंडी कोनाडा, खुंटी, कडी हे सगळं भिंत वर चढतानाच आत धरायचे. दोन हात लांबीची खुंटी, तिच्या शेपटावर वरून भिंतीचं वजन. ती कशी निघेल? बांधून झालेल्या मातीच्या भिंतीत ते करता येत नाही. प्लग मातीत धरत नाही. केमिकल अँकर म्हणून नळीतून घालायचं मिश्रण मिळतं, पण तेही आजूबाजूची माती जितकी धरेल तितकंच धरतं.

उरला एकच मार्ग, आरपार. भिंतीतून लोखंडी दांड्या पलीकडं काढायच्या, पलीकडं रुंद पट्टी लावून नट आवळायचे. म्हणजे आरसा भिंतीच्या वरच्या थरावर राहत नाही, सगळी दीड फूट जाडी त्याला धरते. जुन्या वाड्यांच्या बाहेर आलेल्या भिंती अशाच दांड्या-पट्ट्यांनी आवळलेल्या दिसतात. अडचण एवढीच, की पलीकडं धाकट्याचा सोपा. आणि वाटणीपासून दोन्ही घरांत बोलणं बंद.

मी आज्जीला सांगितलं, भिंत दोघांची आहे, त्याला विचारल्याशिवाय मी दांडी काढणार नाही. थोरला म्हणाला, मग राहू दे. आज्जी उठली, पदर खोचला आणि पुढच्या दारानं गेली. बराच वेळ काही आवाज नाही. मग धाकटा स्वतःच आला, भावाकडं न बघता मला म्हणाला, "मिस्त्री, किती भोकं?"

"तीन."

"माझ्या बाजूला काय दिसंल?"

"लोखंडाची पट्टी. रंग मारून देतो."

"रंग नको. एका नटाला कॅलेंडर लावता येईल असा हूक काढ."

एवढ्यावर परवानगी मिळाली. बेळगावच्या रविवार पेठेतून १२ मिलिमीटरच्या आटे पाडलेल्या दांड्या आणल्या, उद्यमबागेत एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये सहा इंच रुंद पट्टी कापून भोकं पाडून घेतली. भिंतीत भोकं मात्र हातानं पाडली, लांब गिरमिटानं, दोघांनी आळीपाळीनं. हॅमर ड्रिल मातीच्या भिंतीला लावला तर पलीकडून टोपलीएवढा खड्डा पडतो. धक्क्यानं कच्ची वीट आतून सुटते. लेव्हलसाठी पाण्याची नळी. स्पिरिट लेव्हल माझ्याकडं आहे, पण पाच फूट लांबीला आणि दोन खोल्यांना नळीइतकं खरं कुणी बोलत नाही. माजघराच्या बाजूला जुन्या चौकटीचं सागवान, चार फूट लांब आणि सहा इंच रुंद, वरची कड तिरकी रंधलेली. रुंदी मुद्दाम घेतली, कारण वजन मातीवर जितकं पसरेल तितकं बरं. ४२ किलो तीन दांड्यांवर, एकीला १४. नट आवळताना मात्र हात राखायचा. लोखंडाच्या कामाच्या सवयीनं पाना ओढत राहिलं की माती दबते आणि पट्टी गिलाव्यात रुतते. गिलावा कुरकुरला की थांबायचं, आणि वर दुसरा नट चढवायचा.

आरसा चौघांनी उचलला. काच कधी आडवी न्यायची नाही, उभीच. आडवी धरली की स्वतःच्याच वजनानं मधे वाकते. एका बाजूला थोरला, एका बाजूला मी आणि पोरगा. चौथा माणूस कमी होता. धाकटा पुढं झाला, त्यानं खालची कड धरली. पट्टीवर पट्टी बसल्याचा आवाज आला, तसे सगळे हात काढून घेतले, फक्त आज्जीनं बोट लावून ठेवलं होतं. ते काढायला तिला जरा वेळ लागला.

पावसाळा झाल्यावर मी परत गेलो. लाकूड फुगतं, माती सुकते, नट थोडे सैल पडतातच. हे करायचंच असतं, लोक बोलावत नाहीत म्हणून आपणच जायचं. माजघराच्या बाजूनं बघितलं, आरसा केसभर हलला नव्हता. पलीकडं सोप्यात गेलो तर पट्टीवर कॅलेंडर, कॅलेंडरच्या वर पोराचं शाळेचं दप्तर, त्याच्या शेजारी छत्री आणि एक हेल्मेट. पाना काढला तशी धाकट्याची बायको म्हणाली, "भावजी, ह्याच दांड्यांवर आमच्या बाजूनं भांड्यांचं रॅक बसंल का? रिकामं वीस किलो हाय, दुकानदारानं सांगितलंय."

"आणि भरलेलं?" मी विचारलं.

ती आतून डबे आणायला गेली, आणि थोरल्याच्या पोराला हाक मारून बटाट्याचा काटा मागवला.